बुलेटचं ॲल्युमिनियम आरशासारखं कसं करायचं: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटला डाव्या अंगाला एक मोठं लांबट कव्हर असतं. आत प्रायमरी चेन आणि क्लच, बाहेरून फक्त एका मधल्या नटाने धरलेलं. गाडी नवी होती तेव्हा त्यात समोरचा रस्ता दिसायचा. पंचवीस वर्षांनी त्यावर बुटाच्या टाचेचे घासे असतात, मधल्या मालकाने मारलेला सिल्व्हर रंग असतो आणि त्याखालून वर आलेले पांढरे डाग असतात. हा लेख त्या एका कव्हरबद्दल आहे. हे एक कव्हर नीट जमलं की बाकीचे भाग त्याच रीतीने होतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण मी ती उशिरा शिकलो. आरसा बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर होत नाही, घासायच्या पेपरवर होतो. माझं पहिलं कव्हर मी ३२० नंबरच्या पेपरने घासलं (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक) आणि कंटाळून थेट १००० वर गेलो. हाताला गुळगुळीत लागत होतं. नाशिकच्या अंबडला एका बफिंगच्या शेडमध्ये घेऊन गेलो. तिथल्या मेस्त्रींनी ते दारातल्या उन्हात तिरपं धरलं आणि म्हणाले, "भाऊ, चरे घेऊन आलात. बफ चरे खात नाही, चरे चमकवतो." तरी मी हट्टाने करून घेतलं. चार हातांवरून झकास दिसायचं, पण रात्री ट्यूबलाइटखाली प्रत्येक चरा चांदीच्या तारेसारखा उठून यायचा. पुढच्या रविवारी सगळं पुन्हा ३२० पासून सुरू केलं.

घासायच्या आधी: धातू उघडा आहे का?

ॲल्युमिनियमवर तीन प्रकारची आवरणं असू शकतात: रंग, पारदर्शक लॅकर किंवा ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूवर चढवलेला ऑक्साइडचा कठीण थर. रंग दिसतो. लॅकर सहसा जागोजागी पिवळट पडलेलं असतं आणि त्याखाली गांडुळं फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. ॲनोडायझिंग फसवं असतं, कारण ते धातूसारखंच दिसतं. मल्टिमीटर असेल तर त्याच्या दोन्ही पिना हलकेच टेकवून पाहा. उघडं ॲल्युमिनियम वीज सहज वाहू देतं. लॅकर किंवा ॲनोडायझिंग असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडी मेटल पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात चोळा. फडकं लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे.

रंग आणि लॅकर काढायला रंगाच्या दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो. तो गच्चीवर किंवा अंगणात, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून लावा. फुगून आलेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पट्टीने नवे चरे पडतील. ॲनोडाइज केलेला भाग मात्र नवख्याने बाजूला ठेवावा. तो थर काढायला कॉस्टिक सोडा लागतो. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातो, पाणी तापवतो आणि हायड्रोजन सोडतो. घराच्या मोरीत करायचं ते काम नाही.

कव्हर गाडीवरच ठेवून घासायचा मोह होतो. तो टाळा. डावा फूटरेस्ट काढावा लागतो, ज्या मॉडेलला ब्रेकचं पेडल डावीकडे आहे तिथे तेही काढावं लागतं, खाली ऑइलसाठी ट्रे ठेवावा लागतो. एवढं करून कव्हर सुटं झालं की ते मांडीवर घेऊन हवं तसं फिरवता येतं. आतल्या कडेला रबरी सील बसतं, त्या कडेला पेपर लावायचा नाही. तिथे मास्किंग टेप चिकटवून टाका, नाहीतर नंतर ऑइल झिरपत राहील. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरला पहिल्याच वेळी हात लावू नका. त्यात ऑइल पंप बसलेले असतात आणि ऑइलच्या वाटा कोरलेल्या असतात. घासण्याची वाळूसारखी पूड त्यात अडकली तर ती इंजिनभर फिरेल.

सामान

वॉटर पेपर हवेत: २४०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २०००. लाकडाचा काचपेपर नको, पाण्यात भिजवायचा काळा पेपरच घ्या. दोन बादल्या, भांड्याचं लिक्विड, एक मार्कर पेन, जुन्या बनियनची फडकी आणि घासताना पेपर गुंडाळायला रबराचा तुकडा. झिजलेल्या स्लीपरचा तळवा चार बोटं रुंद कापून घेतला तर यासाठी त्याहून चांगलं काही नाही. सपाट जागी तो सपाट राहतो, गोलाईवर वाकतो.

पेपर घेताना त्याची पाठ वाचा. आकड्याआधी 'पी' अक्षर असेल तर मोजणीची पद्धत वेगळी. 'पी' नसलेला ६०० हा साधारण 'पी' १२०० एवढा बारीक असतो. एकाच मालिकेत दोन्ही मिसळले तर तुम्ही पुढच्या नंबरवर गेलो असं समजता आणि प्रत्यक्षात मागे येता. मी या लेखात दिलेले सगळे आकडे 'पी'चे आहेत.

पेपर

पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजू द्या, पाण्यात लिक्विडचे दोन थेंब टाका. कोरडं घासू नका. कोरड्या पेपरात ॲल्युमिनियमच्या गोळ्या अडकतात आणि त्या गोळ्याच खोल चरे ओढतात. शिवाय कोरडी पूड नाकात जाते आणि घरभर होते.

सुरुवात कुठल्या नंबरने करायची ते कव्हरवरच्या सर्वांत खोल घाशावरून ठरतं. नखाला अडकेल असा घासा असेल तर २४०, नुसताच मळकेपणा असेल तर ४०० पुरे. खोल घाशाचा राग एकाच जागी काढू नका. तेवढ्याच जागी घासत राहिलात तर घासा जातो पण तिथे खळगा पडतो, आणि आरसा झाल्यावर त्या खळग्यात खिडकीचं प्रतिबिंब वाकडं दिसतं. घाशाच्या चहूबाजूंनी वीतभर रुंद जागा सारखी उतरवा. मार्करचा उपयोग इथे आहे. घासायच्या आधी त्या जागेवर जाळीसारख्या रेघा मारा. घासल्यावर जिथे शाई उरेल ती जागा अजून खोल आहे, पेपर तिथे पोचलेलाच नाही.

आता दिशा. २४० आडवा चालवलात तर ३२० उभा चालवा, ४०० पुन्हा आडवा, ६०० उभा. प्रत्येक नंबरचं एकच काम असतं: मागच्या नंबरचे चरे पूर्ण पुसणं. दिशा बदलली की ते काम झालं की नाही हे डोळ्यांना दिसतं. उभ्या बारीक रेघांच्या मध्ये एखादी आडवी रेघ दिसली तर ती मागच्या पेपरची उरलेली आहे. ती जाईपर्यंत पुढे सरकायचं नाही. शेवटची आडवी रेघ गेली असं वाटलं की अजून तेवढाच वेळ घासा, कारण चऱ्याचा तळ वरच्या तोंडापेक्षा अरुंद असतो आणि तो आधी दिसेनासा होतो, मग संपतो.

तपासायचं ते वरून पडणाऱ्या उजेडात नाही. कव्हर धुवा, पुसा, अंधाऱ्या खोलीत न्या आणि मोबाईलची बॅटरी अगदी आडवी, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या कव्हरवर त्या उजेडात नांगरलेल्या शेतासारख्या रेघा उभ्या राहतात. मी प्रत्येक नंबरनंतर हे करतो. यात जाणारा वेळ पुढे वाचतो.

नंबर बदलला की सगळं बदला किंवा धुऊन घ्या: पाणी, बादली, फडकं, रबराचा तुकडा. हात कोपरापर्यंत धुवा. ३२० च्या पेपरचा कण सुमारे ४६ मायक्रॉनचा असतो, २००० च्या पेपरचा सुमारे १०. मागच्या पेपरचा एकच कण बादलीत राहिला तर १५०० च्या वेळी तो असा चरा पाडतो की पुन्हा ६०० वर यावं लागतं. दोन बादल्या याचसाठी, एकीत धुवायचं आणि दुसरीत पेपर बुडवायचा.

गोलाईवर बोटांनी दाबून घासू नका. प्रत्येक बोटाखाली एक पन्हळ तयार होते आणि आरशात ती लाटेसारखी दिसते. स्लीपरचा तुकडा वळत नसेल तर स्पंजचा घ्या. कडांवर हात हलका ठेवा. कडा आपोआप जास्त घासल्या जातात आणि एकदा गोल झालेली कड परत येत नाही.

वेळेचा हिशेब: निम्मा वेळ पहिल्या दोन नंबरांवर जातो. ६०० च्या पुढे प्रत्येक नंबर भराभर होतो. माझं कव्हर दोन रविवारी मिळून होतं, आणि पहिला रविवार ४०० वरच संपतो. तेव्हा दंड दुखतात आणि कव्हर पहिल्यापेक्षा भकास, राखाडी दिसतं. नवखी माणसं इथेच सोडतात. सोडू नका, हा राखाडी रंगच बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र पेपरने जात नाही. ओतीव ॲल्युमिनियमच्या आत हवेची बारीक छिद्रं राहिलेली असतात. वरचा थर उतरवला की त्यातली काही उघडी पडतात, टाचणीच्या टोकाएवढी. ती घालवायला अजून खोल गेलात तर नवी उघडतात. आठ-दहा छिद्रं असतील तर राहू द्या. मला ती खटकत नाहीत. ओतलेल्या धातूची ती खूण आहे.

निफाड, दिंडोरीकडून आलेल्या गाड्यांवर वेगळे खड्डे असतात, पसरट आणि पांढऱ्या पावडरीने भरलेले. द्राक्षबागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की ओलाव्यात त्याच्याभोवती धातू खाल्ला जातो. बागेत फिरणारी गाडी असेल तर फवारणीच्या दिवसांत संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन टाकत जा. हे खड्डे उथळ असतील तर २४० ने निघतात, खोल असतील तर निघत नाहीत.

बफ

२००० नंतर कव्हर धुऊन पुसलं की त्यात तुमचा चेहरा धुक्यातून पाहावा तसा दिसतो. आरसा व्हायला उरलेले चरे प्रकाशाच्या लहरीपेक्षाही कितीतरी लहान व्हावे लागतात, आणि तेवढं बारीक काम पेपर करू शकत नाही. म्हणून बफ.

बेंच ग्राइंडरवर दगडाच्या जागी कापडी चाक लावतात. आपल्याकडचे सहा इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण २८०० फेरे मारतात, ॲल्युमिनियमला तो वेग ठीक आहे. हातातल्या अँगल ग्राइंडरवर कापडी चाक लावू नका. तो ११,००० च्या आसपास फिरतो. चाक फाटून उडतं आणि धातू जळतो. ग्राइंडर नसेल तर ड्रिल मशिनला बसणारी लहान चाकं चालतात, फक्त वेळ जास्त लागतो.

दोन चाकं लागतात आणि कंपाउंडच्या, म्हणजे चाकाला लावायच्या पॉलिशच्या दोन वड्या. पहिलं चाक घट्ट शिवलेलं, त्यावर ट्रिपोलीची तपकिरी वडी. हे अजून थोडं कापतं आणि २००० चे चरे खातं. दुसरं सुट्या कापडाचं मऊ चाक, त्यावर पांढरी वडी. पांढऱ्या वडीत ॲल्युमिनाची पूड असते. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचंच ऑक्साइड, माणिक आणि नीलम ज्याचे बनतात तेच. धातू मऊ आणि त्याचा स्वतःचा गंज त्याला पॉलिश करण्याइतका कठीण, हे मला दर वेळी नवलाचं वाटतं. हिरवी वडी स्टेनलेस स्टीलसाठी, लाल वडी सोन्या-चांदीसाठी, त्या इथे नकोत. एका चाकावर एकच वडी, कायमची. चाकांवर पेनने लिहून ठेवा.

वडी फिरत्या चाकाला सेकंदभरच टेकवा. जास्त लागली की कव्हरवर काळ्या चिकट रेघा उमटतात आणि माणूस त्या घालवायला अजून वडी लावतो. रेघा आल्या तर वडी थांबवा आणि कोऱ्या चाकावरच थोडा वेळ घासा, त्या निघतात.

धरायची जागा नीट समजून घ्या. चाकाची तुमच्याकडची बाजू वरून खाली येते. कव्हर नेहमी चाकाच्या मध्यरेषेच्या खाली टेकवा आणि अशा रीतीने की चाक कव्हरच्या मधून कडेकडे निघून जाईल. कव्हरची वरची कड चाकासमोर आली की चाक ती पकडतं आणि कव्हर हातातून हिसकावून खाली आपटतं. दोन रविवारांचं काम एका क्षणात जातं, आणि बोटंही जाऊ शकतात. चाकाच्या फिरण्याविरुद्ध कव्हर सरकवलं तर ते कापतं, फिरण्याच्या दिशेने सरकवलं तर चकाकी आणतं. ट्रिपोलीवर आधी विरुद्ध, शेवटी पांढऱ्या वडीवर फक्त दिशेने आणि हलक्या हाताने.

कव्हर तापतं. हाताला सोसवेना झालं की थांबा. तापलेल्या मऊ धातूवर कंपाउंड रुततं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. हीच रीत परदेशात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या टनेलला वापरतात. टनेल म्हणजे पट्ट्यावरचा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा लांब डबा. पत्रा पातळ असल्याने तिथे उष्णतेची काळजी दुप्पट घ्यावी लागते, नाहीतर तो लहरतो. आपलं ओतीव कव्हर जाड आहे, ते सांभाळून घेतं.

चष्मा हवाच. मास्क हवाच, कारण ट्रिपोलीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांत साठते. सैल बाह्या, गळ्यातला मफलर, ओढणी, हातातला गंडा, सुती हातमोजे यातलं काही फिरत्या चाकाजवळ नको. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलं जातं त्यावर ॲल्युमिनियमचं काम करू नका. ॲल्युमिनियमची कोरडी बारीक पूड पेटते, आणि लोखंडाच्या ठिणग्या व गंज तिच्यात मिसळणं फार धोक्याचं आहे. काम झालं की चाकाखालचा कापूस आणि पूड रोज झाडून बाहेर काढा. कधी पेट घेतलाच तर पाणी मारू नका, कोरडी वाळू टाका.

हे सगळं घरी नको असेल तर पेपरचं काम स्वतः करून बफ सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या बफिंगवाल्यांकडून करून घ्या. देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: कडा आणि कोरलेली अक्षरं मारू नका, आणि शेवटचा हात मऊ चाकाचा द्या.

मशिनच नको असेल तरी मार्ग आहे. २००० नंतर ३००० चा पेपर मिळाला तर तो फिरवा आणि मग ट्यूबमधली मेटल पॉलिश बनियनच्या फडक्याने चोळा. फडकं काळं होतं, तो मळ नाही, निघालेला ॲल्युमिनियमच आहे. काळं झालेल्या जागेनेच अजून चोळत राहा, ते जास्त बारीक काम करतं. शेवटी कोऱ्या फडक्याने उचलून घ्या. बफसारखी खोली येत नाही, पण दाढी करता येईल इतकं दिसतं. पितळेवर वापरलेलं जुनं फडकं मात्र यासाठी घेऊ नका.

बफ झाल्यावर कव्हरवर मेणचट पापुद्रा राहतो. त्यावर चिमूटभर मैदा भुरभुरवा आणि स्वच्छ सुती कापडाने हलकेच पुसा. मैदा चिकटपणा शोषून घेतो आणि पुसताना चरा पाडत नाही. मैद्याखालून पहिल्यांदा छताचा पंखा पात्यांसकट स्पष्ट दिसतो तेव्हा घरातल्यांना हाक मारल्याशिवाय राहवत नाही.

टिकवायचं कसं

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत आल्याबरोबर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, काही नॅनोमीटरचा. तो पारदर्शक असतो आणि धातूला सांभाळतोही. आम्ल किंवा सोड्यासारखा अल्क लागला की तो विरघळतो आणि चकाकी जाते. नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली तांब्या-पितळेची भांडी आपण चिंच, लिंबू, पितांबरी लावून लखलखीत करतो. ते हाताचं वळण ॲल्युमिनियमवर आणू नका. चिंचेने कव्हर पांढुरकं होतं. धुण्याचा सोडा आणि सर्व्हिसिंगवाले चाकांवर मारतात ती तेज रसायनंही तेच करतात. गाडी धुवायला देताना हे आधी सांगा. साधं पाणी आणि गाडीचा सौम्य शाम्पू, एवढंच.

मैद्याने पुसून झालं की कारचं चांगलं वॅक्स पातळ लावा, सुकू द्या, उचला, आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा लावा. लॅकर मारायला मी सांगणार नाही. इतक्या गुळगुळीत पृष्ठभागावर ते नीट धरत नाही, एक ओरखडा पडला की पाणी आत शिरतं आणि पुन्हा तीच गांडुळं.

दर महिन्याला वॅक्स पुरे. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी. गोदेला पूर येऊन नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढतं त्या आठवड्यात गाडी ओल्या कव्हरखाली झाकून ठेवू नका. झाकलेल्या दमटपणात आरशावर जेवढे डाग पडतात तेवढे भर पावसात उघडी ठेवूनही पडत नाहीत.

कव्हर परत बसवताना आधी आतून रॉकेल किंवा डिझेलने धुवा, मग टेप काढा. रबरी सील फुगलेलं किंवा कडक झालेलं असेल तर नवं घाला. नट जोर लावून आवळू नका, कव्हर वाकतं आणि गळती तिथूनच सुरू होते. मॅन्युअलप्रमाणे ऑइल भरा, दहा मिनिटं गाडी चालू ठेवा आणि खाली पुठ्ठा ठेवून थेंब पडतो का पाहा.

वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, मेटल पॉलिशचा एक हात हाताने द्यावा लागतो. पेपरला पुन्हा हात लावायची गरज पडत नाही. मी ते काम दसऱ्याच्या आदल्या रविवारी करतो. पूजेत कव्हरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं जातंच, ते संध्याकाळपर्यंत राहू द्या आणि मग ओल्या फडक्याने पुसा, रात्रभर राहिलं तर त्याचा ठसा उरतो. नारळ फोडताना पाणी उडालं तर तेवढं मात्र लगेच.